तबकातलं नवं नाणं

(मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही दोघांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रम ठरवताना आम्हांला विचारलं गेलं, "तुम्ही दोघं कशावर बोलाल?" आम्ही म्हटलं, "नाण्यांवर." विचारणारे जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे प्राचीन नाणी ना?" नाही. आमच्याकडे प्राचीन असं काही नाही. आम्ही गोळा करतो ती नवी नाणी. टांकसाळीतून निघून बँकेत आलेली, कुणाच्या घामाचा हात न लागलेली कोरी नाणी. गेली चाळीस वर्षं आम्हां नवराबायकोचा हा छंद आहे. या छंदात आम्ही काही मिळवलं, काही गमावलं आणि एकदा आमची आम्हांलाच लाज वाटली. ते सगळं आज घरच्या लोकांपुढे सांगावं असं मनात आहे.

मघाशी आरतीचं तबक फिरलं. ते आमच्यापर्यंत आलं की आमचे हात निरांजनावर जातात, पण डोळे नाण्यांवर असतात. बाप्पानं क्षमा करावी. आज तबकात वीस रुपयांची दोन नाणी होती आणि दहाची निरनिराळ्या घडणीची चार. दहा वर्षांपूर्वी याच तबकात नाण्यांचा ढीग असायचा. आता दक्षिणापेटीशेजारी क्यूआरचा कागद चिकटवला आहे आणि पेटीचा खुळखुळाट कमी झाला आहे. म्हणून वाटलं, नाण्यांबद्दल बोलायचं तर आत्ताच बोलावं.

या छंदाचं मूळ आमच्या बाबांकडे जातं. बाबा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात होते. पगार बेताचा, घरात माणसं आठ. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, तेव्हा महिनाभर बाजारात जो गोंधळ उडाला तो ते रंगवून सांगत. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे होतात हे सरळ. पण एका आण्याचे सहा की सव्वासहा? त्या पाव पैशावरून दुकानदार आणि गिऱ्हाईक हमरीतुमरीवर येत. १९६४ साली नाण्यावरचा 'नया' शब्द गेला. त्याच साली पंडित नेहरूंचं निधन झालं आणि त्यांच्या स्मरणार्थ एक रुपया आणि पन्नास पैसे अशी दोन नाणी निघाली. स्वतंत्र भारताची ही पहिली स्मारक नाणी. बाबांनी त्यातला एक रुपया खर्च न करता ठेवला. त्या काळात एक रुपया न खर्चणं म्हणजे काय, हे समोरच्या ज्येष्ठांना सांगायला नको.

पुढे गांधी जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, वीस पैशांचं पिवळंधमक नाणं आलं. त्याच सुमाराला कमळाचं चित्र असलेलं वीस पैशांचंही होतं. अॅल्युमिनियम आणि तांब्याचा मिश्रधातू तो, पण घासला की सोन्यासारखा झळकायचा. त्यात सोनं आहे अशी वावडी आमच्या वाड्यात उठली होती. आजी लक्ष्मीपूजनाला ती नाणी चिंचेनं घासून पाटावर मांडायची. आमच्यातल्या एकाच्या डोळ्यांत तो पिवळा रंग तेव्हाच भरला. दुसरी या घरात लग्न होऊन आली, तेव्हा माहेराहून येताना तिच्या डब्यातही तीच वीस पैशांची अकरा नाणी होती. कुंडली जुळली की नाही ठाऊक नाही, नाणी जुळली.

आता जरा नाणं पाहायचं कसं ते सांगतो. मुलांनो, पुढे या. हातातल्या नाण्यावर साल पाहा आणि सालाच्या खाली पाहा. तिथं लहानशी खूण असते. चौकटसारखा हिरा दिसला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. चांदणी असेल तर हैदराबादचं. नुसता गोल ठिपका असेल तर नोएडाचं. आणि काहीच नसेल तर कलकत्त्याचं. आपल्या देशात नाणी पाडणाऱ्या या चारच टांकसाळी. मुंबईची फोर्टात, १८२९ साली उभी राहिलेली. नोएडाची सर्वांत धाकटी, १९८८ ची. कधी गरज इतकी वाढली की परदेशातूनही नाणी पाडून आणली. १९८५ च्या काही रुपयांवर इंग्रजी 'एच' अक्षर दिसतं, ते बर्मिंगहॅमचं. म्हणजे धारवाडच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी दिलेला रुपया विलायतेतून आलेला असू शकत होता आणि देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसायचा.

दुसरी गंमत लोहचुंबकाची. आम्ही लग्नकार्यातसुद्धा खिशात लहान चुंबक ठेवतो. पूर्वी पाच रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं, चांगलं नऊ ग्रॅमचं होतं. त्यातल्या धातूची किंमत चढत गेली. ही नाणी सीमेपलीकडे नेऊन, वितळवून त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या २००७ च्या सुमाराला आल्या होत्या. नाण्याच्या किमतीपेक्षा त्यातल्या धातूची किंमत वाढली की नाणं बाजारातून नाहीसं होतं, हा नियम शिवरायांच्या काळातही होता आणि आजही आहे. मग सरकारनं स्टील आणलं. या बदलाच्या मधल्या काळातली दोन नाणी आमच्या घरी देवघराजवळच्या कप्प्यात आहेत. एक २००६ चं महात्मा बसवेश्वरांचं, दुसरं २००७ चं लोकमान्य टिळकांचं. दोन्ही पाच रुपयांची. दोन्ही तांबं-निकेलमध्येही निघाली आणि स्टीलमध्येही. एक चुंबकाला चिकटतं, एक चिकटत नाही. वरचा चेहरा तोच.

आपल्यासारख्या, तीन-चार पिढ्या कन्नड मुलखात राहिलेल्या मराठी घरात ही दोन नाणी शेजारी ठेवताना काय वाटतं ते इथल्या प्रत्येकाला कळेल. एकानं आपल्याला हा उत्सव दिला आणि दुसऱ्याच्या भूमीत आपण तो साजरा करतो. आणि पाच रुपये म्हणजे पाच रुपये. दुकानदाराच्या गल्ल्यात दोघांचं मोल एकच.

नाण्यांच्या बाबतीत ही देवाणघेवाण जुनीच आहे. आपल्या बखरींतला 'होन' हा शब्दच मुळात कन्नड 'होन्नु', म्हणजे सोनं, यावरून आलेला. १६७३ मध्ये मराठी फौजेनं हुबळीची पेठ लुटली. तिथं वखार असलेल्या इंग्रजांनी नुकसानभरपाईसाठी जो तगादा लावला, त्याचा हिशेबही होनांतच मांडलेला होता. पुढच्याच वर्षी, १६७४ ला, राज्याभिषेक झाला आणि महाराजांचे स्वतःचे होन आणि तांब्याची शिवराई आली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ही शिवराई पुढे दोनशे वर्षं दख्खनच्या बाजारांत फिरत राहिली. सोन्याचे होन आज मोजके उरले आहेत. शिवराई मात्र शेतात नांगरताना अजून सापडते, कारण ती तिजोरीत नव्हती, लोकांच्या कनवटीला होती. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे आम्ही तिच्याकडे परत येणार आहोत.

आता आमच्या वेडाचा मुख्य भाग. नवं नाणं निघालं की बँकेत जाऊन शंभराची पाकिटं आणायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत मोजून शंभर नाणी असतात. एक रुपयाची पिशवी शंभर रुपयांना, दहाची हजाराला. वर एक पैसा नाही. कोणत्याही छंदात इतका सरळ सौदा नसेल. दिले तेवढे मिळाले. मग घरी वर्तमानपत्रावर ओतायची, खुणा पाहायच्या, ठशात काही चूक आहे का ते भिंगातून शोधायचं, आणि उरलेली कागदात पंचवीस-पंचवीस अशी गुंडाळून सुरळ्या करायच्या. सुरळीवर शाईनं साल, टांकसाळ, आणल्याची तारीख. दिवाळीत इतरांच्या घरी चकल्यांचे डबे, आमच्या घरी सुरळ्यांचे.

आम्हांला वाटायचं, असं वेड फक्त आमचंच. पण २००७ साली अमेरिकेतल्या पुतण्यानं येताना एक सुरळी आणली. एक डॉलरची पंचवीस नाणी, वर जॉर्ज वॉशिंग्टन. त्या वर्षीपासून तिकडे राष्ट्राध्यक्षांची नाणी निघू लागली होती, वर्षाला चार. लोक बँकेत जाऊन पंचवीस डॉलर देऊन अख्खी सुरळी घेत आणि न फोडता ठेवून देत. त्या नाण्यांची गंमत अशी की साल आणि बोधवाक्य चेहऱ्यावर नाही, काठावर कोरलेलं. आणि पहिल्याच खेपेत काही नाण्यांचे काठ कोरायचेच राहून गेले! मग काय, सगळा देश सुरळ्या फोडून काठ तपासायला लागला. पुतण्याच्या सुरळीत तसं एकही निघालं नाही, पण ती फोडताना आमच्या दोघांच्या हाताला जो कंप होता, तो आम्ही विसरलेलो नाही.

इथवरचं सगळं हौसेचं. आता दोन प्रसंग सांगतो.

पहिला बाबांचा. स्टीलचं पंचवीस पैशांचं नाणं आठवतं? एका बाजूला गेंडा होता. बाबांना तो गेंडा फार आवडायचा. निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं, हातात येईल तो प्रत्येक गेंडा ठेवायचा, नातवंडांसाठी. एका मोठ्या बिस्किटाच्या डब्यात ते टाकत राहिले. डब्यावर नातवंडांची नावं लिहिली होती. कुणी हसलं की म्हणायचे, "आज चार आणे आहेत. तुमच्या पोरांच्या लग्नापर्यंत थांबा."

२०११ साली सरकारनं जाहीर केलं की पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जूनपासून चलनात राहणार नाहीत. २९ जूनपर्यंत बँकेत बदलून घ्या. ते वर्तमानपत्र आमच्या घरीही आलं होतं. पण तो महिना आमचा दवाखान्यात गेला. बाबा आजारी, आम्ही आळीपाळीनं उशाशी. डब्याची आठवण कुणाला होणार? बाबा गेले. तेरावा झाला. महिन्याभरानं माळा आवरताना डबा खाली काढला तर उचलेना. मोजले. सोळाशे गेंडे. चारशे रुपये. साडेचार किलो स्टील.

चारशे रुपयांनी कुणी गरीब होत नाही, हे आम्हांलाही कळत होतं. पण ते चारशे रुपये बाबांनी एकदम ठेवले नव्हते. रिक्षा न करता चालत येऊन, एक चहा कमी पिऊन सोळाशे वेळा ठेवले होते. ज्यांच्या नावानं ठेवले ती नातवंडं डब्याभोवती बसली होती आणि त्यांच्या हातात होती ती न चालणारी नाणी. धाकट्यानं विचारलं, "आजोबांनी आधी का नाही खर्च केले?" त्याला काय उत्तर द्यावं ते आम्हांला सुचलं नाही.

त्याच डब्याच्या तळाशी जुन्या पत्रिकेच्या कागदात गुंडाळलेला एक रुपया निघाला. १९६४ चा, नेहरूंचा. कागदावर बाबांच्या अक्षरात दोनच ओळी होत्या: पगाराच्या दिवशी मिळाला, हिला दाखवला. 'हिला' म्हणजे आमच्या आईंना. बाजारात त्या नाण्याला फारशी किंमत येणार नाही, असे पुष्कळ आहेत. पण नातवंडांत वाटणी करायची वेळ आली तेव्हा सोळाशे गेंडे कुणीच मागितले नाहीत. तो एक रुपया सगळ्यांनी मागितला.

दुसरा प्रसंग आमचा स्वतःचा, आणि तो सांगताना मान जरा खाली जाते.

दोन धातूंचं दहा रुपयांचं नाणं तुम्हांला माहीत आहे, मध्ये पांढरं आणि कडेला पिवळं. २००५ साल कोरलेलं ते नाणं प्रत्यक्ष हातात पडलं २००९ मध्ये. आम्ही त्याच्या प्रेमातच पडलो. पाकिटांवर पाकिटं आणली. पुढे २०११ ला त्यावर रुपयाचं नवं चिन्ह आलं, चित्र बदललं, तेही आणलं. मधूनमधून स्मारक नाणी निघत, तीही आणली. २०१६ नंतर मात्र बाजारात अफवा पसरली. पंधरा रेघांचं नाणं खोटं, दहा रेघांचं खरं. रुपयाचं चिन्ह नसेल तर खोटं. बघता बघता आपल्या गावात कुणी दहाचं नाणं घेईना. "नडियंगिल्ल री" हे दोन शब्द प्रत्येक दुकानात. चालत नाही हो!

दुर्गदबैलात आमच्या ओळखीच्या फुलवाल्या अक्का आहेत. आमच्या घरच्या गणपतीच्या दूर्वा आणि केवडा वर्षानुवर्षं त्यांच्याकडून येतो. २०१७ च्या चतुर्थीला आम्ही त्यांना एकशेवीस रुपये दिले, दहाची बारा नाणी. त्यांनी क्षणभर नाण्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा त्यांनी फडक्यावर ती बारा नाणी एका रांगेत मांडली. ठोक बाजारात कुणी घेतली नव्हती. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले. यांत खोटं कुठलं ते दाखवा, तेवढंच परत करते."

एकही खोटं नव्हतं. आम्ही नोटा दिल्या, नाणी परत घेतली. पण त्यांचा एक दिवस गेला होता. आणि घरी येऊन कपाट उघडलं तेव्हा दिसलं ते असं: दहा रुपयांची अकरा पाकिटं. अकरा हजार रुपयांची कोरी नाणी आम्ही कुलपात ठेवली होती आणि बाजारात हातानं काळवंडलेली नाणी देत होतो. गावातल्या लोकांना एकेका घडणीची नाणी क्वचित दिसत होती, म्हणून ती परकी वाटत होती. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर जी यायला हवी होती, त्यांतली काही आमच्यासारख्यांच्या कपाटात होती.

त्या रात्री आम्हांला आणखी जुनंही आठवलं. सुट्या पैशांची टंचाई होती ती वर्षं. "चिल्लरे इल्ल री" म्हणून दुकानदार एक-दोन रुपयांऐवजी गोळ्या-चॉकलेटं हातावर ठेवत. छोटे व्यापारी शंभराची मोड मिळवायला वर पैसे मोजत. तेव्हाही आमच्या घरी रुपयाच्या सुरळ्या होत्या. आम्ही कायदा मोडला नव्हता. पैसे देऊन घेतलेली नाणी होती. पण पाणी तुंबलं की पाटाखालचं शेत वाळतं, हे कायद्यात लिहिलेलं नसलं तरी खरं असतं.

जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पत्रक काढलं. दहाच्या नाण्याच्या तोवर चौदा घडणी निघाल्या आहेत आणि चौदाही चालतात. १४४४० हा फोन नंबरही दिला. त्यावर कुणीही खातरजमा करून घेऊ शकत होतं. आम्ही आमच्या संग्रहातून मिळाली तेवढी नाणी काढली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि खाली कन्नड आणि मराठीत ठळक अक्षरांत लिहिलं: ही सगळी चालतात. तो पुठ्ठा अक्कांच्या दुकानात टांगला. चाळीस वर्षांत आमच्या संग्रहाचा दुसऱ्या कुणाला झालेला तो पहिला उपयोग.

मग अकरा पाकिटं फोडायला घेतली. प्रत्येक घडणीचं, प्रत्येक टांकसाळीचं एकेक काढून ठेवलं आणि उरलेली चलनात सोडायची ठरवली. सोपं नव्हतं. रोज दहा नाणी घेऊन निघायचं, पाच परत घेऊन यायचं. भाजीवाल्याला समजवायचं, केळीवाल्याला समजवायचं. एका बँकेत मोजायला वेळ नाही म्हणाले. दुसरीत शंभरा-शंभराच्या पिशव्या करून नेल्यावर घेतल्या. दोन वर्षं लागली. या काळात एक गोष्ट कळली. नाणं कायद्यानं खरं ठरतं, पण चालतं ते ओळखीनं. समोरच्यानं ते आधी पाहिलेलं असलं पाहिजे आणि ते पुढचा घेईल असा त्याला विश्वास असला पाहिजे.

पुतण्याशी बोलताना समजलं की अमेरिकेतही थोडं असंच झालं. डॉलरची नोट चालूच होती, म्हणून नाणं कुणी वापरेना. हौशी लोकांनी सुरळ्या ठेवल्या, बाकीची नाणी तिजोरीत परत आली. डिसेंबर २०११ मध्ये सरकारनं व्यवहारासाठी ती पाडणं थांबवलं, तेव्हा सुमारे १४० कोटी नाणी पडून होती. इतकं श्रीमंत सरकार, पण लोकांच्या सवयीपुढे त्याचंही चाललं नाही. आपल्याकडेही दहाची नोट आणि दहाचं नाणं एकाच वेळी चालतात; मग माणूस खिशाला हलकी ती नोट मागतो. २०२० मध्ये हातात आलेल्या वीसच्या बारा कोनी नाण्याचंही हेच होऊ शकतं. त्याचे कोन अंधांना चाचपून ओळखता यावेत म्हणून आहेत, हे मुद्दाम सांगतो. पुढच्या वेळी कुणी ते नाकारलं तर एवढं एक वाक्य सांगून पाहा.

आता ज्येष्ठांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. फोन येतात: तुमच्याकडे जुनं पाच रुपयांचं नाणं आहे का, लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा. ही सरळ लुबाडणूक आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला आहे; बँक असल्या खरेदी-विक्रीत पडत नाही आणि त्यासाठी पैसेही मागत नाही. आमच्या अनुभवानंही सांगतो, गेल्या पन्नास वर्षांतल्या रोजच्या नाण्यांना बहुतेक वेळा दर्शनी किमतीइतकीच किंमत येते. कोट्यवधींनी पाडलेली वस्तू दुर्मीळ कशी होईल? सुरळ्या करून ठेवलेल्या रुपयापेक्षा पोस्टात ठेवलेला रुपया जास्त वाढतो.

दुसरी गोष्ट, २०११ चा नाणे कायदा. रुपया आणि त्यावरच्या नाण्यांनी एका वेळी हजार रुपयांपर्यंतचं देणं देता येतं. पन्नास पैशांच्या नाण्यांनी दहा रुपयांपर्यंत. तेव्हा मंडपवाल्याचं बिल दक्षिणापेटीतल्या नाण्यांनी भागवू नका. त्याला 'नाही' म्हणायचा हक्क आहे. आणि हो, पन्नास पैसे अजून कायद्यानं चालतात. तुमच्या डब्यात असतील तर बाबांच्या गेंड्यांची आठवण ठेवा आणि वेळेवर बाहेर काढा.

छंद आम्ही सोडलेला नाही. जून २०२२ मध्ये अमृतमहोत्सवाची एकपासून वीस रुपयांपर्यंतची पाच नाणी आली, तेव्हा आम्ही उत्साहानं बँकेत गेलोच. २८ मे २०२३ ला नव्या संसदभवनाच्या वेळी निघालेलं पंचाहत्तर रुपयांचं मोठं नाणं असतं तशी न वापरायची नाणी हवी असतील, तर ती सरकारी टांकसाळीकडूनच घ्यावी, मधल्या माणसाकडून नव्हे. पण घरच्यासाठी आता आमचा नियम ठरलेला आहे. नवं नाणं एक ठेवायचं. त्यासोबत कागदावर तारीख, जागा आणि कुणाकडून मिळालं ते लिहायचं. बाकीची आठवड्याच्या आत खर्च करायची.

शेवटी मंडळाला एक विनंती. अनंत चतुर्दशीनंतर दक्षिणापेटी उघडते, तेव्हा दोन-तीन कार्यकर्ते रात्री जागून नाणी मोजतात. यंदा ते काम मुलांना द्या. आम्ही बसतो त्यांच्याबरोबर. साल पाहतील, टांकसाळीची खूण शोधतील, चुंबक लावतील. प्रत्येकानं पेटीत नोट टाकून एक आवडतं नाणं घरी न्यावं, कागदाच्या चिठ्ठीसकट. बाकीची शंभरा-शंभराच्या पिशव्यांत भरून आपल्या फुलवाल्यांना, नारळवाल्यांना, मूर्तिकाराच्या घरी नोटांच्या बदल्यात द्यावीत. त्यांना सुटे हवे असतात, आजही.

मघाशी शिवराईबद्दल म्हटलं होतं. महाराजांचे होन तिजोरीत गेले आणि दिसेनासे झाले. शिवराई हातोहात फिरली आणि म्हणून साडेतीनशे वर्षांनीही मातीतून वर येते. बाबांचे सोळाशे गेंडे अजून आमच्या माळ्यावर आहेत. टाकवत नाहीत. पण दर चतुर्थीला तो डबा पुसताना आम्ही पाकिटातली सुटी नाणी मोजतो आणि आरतीला निघताना ती बरोबर घेतो.

आज तबकात पडलेल्या वीसच्या नाण्यांपैकी एक आमचं होतं. कोरं होतं. उद्या ते तुमच्यापैकी कुणाच्या हातात आलं तर साल पाहा, खूण पाहा, आणि मग पुढे द्या.

 गणपती बाप्पा मोरया!